मुद्दाम की चुकून?

जॉनला जेवायला हाक मारली. त्याने दार ढकललं. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे ठेवला आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती. १५ कप फुटले. हेन्रीची आई घरात नव्हती. तो खुर्चीवर चढून कपाटातला जॅम गुपचूप काढायला गेला आणि धक्का लागून एक कप फुटला. दोघांत जास्त खोडकर कोण?

ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांसमोर अशा गोष्टी ठेवल्या आणि त्यांची उत्तरं १९३२ च्या पुस्तकात मांडली. सहा-सात वर्षांची बरीच मुलं जॉनचं नाव घेत. का, तर त्याने १५ कप फोडले! नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र हेन्रीला दोष देत. जॉनला बिचाऱ्याला माहीत तरी कुठे होतं? यावरून पियाजेने म्हटलं, की लहान मूल नुकसान मोजतं आणि मोठं झालं की हेतू पाहू लागतं. पियाजेला उत्तरापेक्षा त्यामागच्या कारणात रस होता. हीच पद्धत पुढे लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने उचलली. १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याने पीएच.डी.साठी किशोरवयीन मुलांना पेच घातले आणि त्यांच्या उत्तरांतून नैतिक विचाराच्या पायऱ्या ठरवल्या.

पण कपांच्या गोष्टीत एक अडचण आहे. ऐकणाऱ्या मुलाला नुकसान डोळ्यांसमोर दिसतं. हेतू मात्र आठवणीत धरून ठेवावा लागतो. १९८० च्या सुमारास संशोधकांनी हीच अडचण दूर केली. गोष्टीतल्या मुलाच्या मनात काय चाललंय, तेही चित्रातून दाखवलं. तेव्हा तीन वर्षांची मुलंसुद्धा हेतूचा विचार करताना दिसली. म्हणजे समज लवकर येते. परिणाम समोर फुटून पडलेला असताना ती वापरता येणं, ही वेगळी आणि कठीण गोष्ट आहे.

किती कठीण, हे फायरी कुशमन, सुझन कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. त्यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारले: हा मुलगा वाईट वागला का, आणि त्याला शिक्षा व्हावी का? पहिल्या प्रश्नावर हेतू लहान वयातच मोजला जाऊ लागतो. शिक्षेच्या बाबतीत तो मागाहून पोचतो. ‘तो वाईट नाही, पण त्याला शिक्षा करा’ असं म्हणणारं मूल विसंगत बोलतंय, असं वाटतं खरं. पण घरोघरी मोठी माणसंही बरणी फुटली की आधी बरणीची किंमत आठवूनच ओरडतात. त्या क्षणी मुलाला नेमका चुकीचा हिशेब शिकवला जातो.

हेतू ओळखायचा तर दुसऱ्याचं मन वाचावं लागतं, आणि या कामात मेंदूचा उजव्या कानाच्या वर आणि थोडा मागे असलेला एक भाग महत्त्वाचा असतो. लियान यंग आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रौढांच्या याच भागाचं काम चुंबकीय स्पंदनांनी काही काळ विस्कळीत केलं आणि त्यांना एक प्रसंग दिला: एका बाईने विष समजून मैत्रिणीच्या कॉफीत पूड टाकली. ती निघाली साखर. मैत्रिणीला काहीच झालं नाही. एरवी अशा बाईला माणसं ठामपणे दोषी मानतात. स्पंदनांनंतर मात्र तेच कृत्य लोकांना काहीसं क्षम्य वाटू लागलं. हेतूचं वजन थोडं उतरलं आणि परिणामाचं चढलं. मोठेपणी परिणाम पाहणारी नजर जात नाही. तिच्यावर दुसरी नजर चढते, आणि ती टिकवायला मेंदूला काम करावं लागतं.

ही दुसरी नजर सगळीकडे सारखीच तीक्ष्ण असते, असंही नाही. २०१६ मध्ये एच. क्लार्क बॅरेट यांच्या गटाने दहा समाजांत अशाच गोष्टी सांगून पाहिल्या. लॉस एंजेलिसच्या लोकांनी मुद्दाम आणि चुकून यांत मोठा फरक केला; फिजीच्या यासावा बेटावरच्या गावकऱ्यांनी फारच कमी. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचे तर्क बोलून दाखवणं तिथे बरं मानत नाहीत. ही माणसं कोणत्याही खालच्या पायरीवर अडकलेली नाहीत. त्यांच्या जगण्याने वेगळा नियम पक्का केला आहे. पायऱ्यांची भाषा इथे अपुरी पडते.

आपला कायदाही दोन्ही नजरा वापरतो. भारतीय न्याय संहितेत खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे. त्याच हेतूने झाडलेली गोळी कुणालाच लागली नाही, तर खुनाच्या प्रयत्नाला कमाल दहा वर्षं. हेतू तोच, नेम तेवढा चुकला. मुलांबाबत मात्र हाच कायदा अधिक बारकाईने पाहतो: सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही; सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत आणि त्याचे परिणाम काय होतील हे कळण्याइतकी समज त्या मुलाला त्या प्रसंगी होती का, ते पाहावं लागतं. ही तरतूद १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून चालत आली आहे, पियाजेच्या पुस्तकाच्या ७२ वर्षं आधीपासून.