मलिद्यातली मराठी

मैत्रिणींनो, भाषा जपायची तर शाळेआधी स्वयंपाकघर सांभाळावं लागतं!

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचंच पाहा ना. धर्म यहुदी, बोली मराठी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, असं ते सांगतात. धंदा तेलाचा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून नाव पडलं ‘शनवार तेली’. धर्मात मांसाबरोबर दूध चालत नाही, तेव्हा बायकांनी रस्स्याला नारळाचं दूध घातलं. शुभकार्याला किंवा नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलदोड्याची पूड, बदाम-बेदाणे घालायचे नि भोवती फळं मांडायची.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. नातवंडं तिथं हिब्रू बोलू लागली. पण मलिदा अजून होतो, त्याच नावानं.

आणि आपण? इथं करकंबला मी ‘कोरड्यास’ म्हटलं की माझी लेक हसते. “आई, भाजी म्हण गं!” परवा तिला शेजारी बसवून धपाटी थापायला शिकवली. म्हटलं, हात वळला की जीभही वळेल.