आडव्या बाटलीपुढील आडकाठी

कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दारूच्या दुकानाविषयी दोन न्याय नांदतात. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी वा निर्बंध घालण्याची सत्ता 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या पातळीवर आणली. खाली मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मात्र चालू दुकान बंद करावयाचे, तर बायकांना 2008 च्या शासकीय आदेशाने आखून दिलेली बिकट वाट चालावी लागते.

ही वाट सुरू होते ती चांगली. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करावयाची, सह्यांची पडताळणी व्हावयाची आणि मग जिल्हाधिकाऱ्यांनी गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरशत्रू म्हातारीलाही उमगावी अशी ही सोय आहे. नागरिकांनी मागणी करावी आणि सरकारने मतपेटी आणून ठेवावी, अशा तरतुदी आपल्या देशात अगदी मोजक्या. त्यांतील एक महाराष्ट्राने केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु हाताने दिलेले काखेत मारावे तशी एक अट त्याच आदेशात आहे. दुकान बंद व्हावयाचे, तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, मतदारयादीतील एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली पाहिजेत.

याचा अर्थ काय, तो हिशेब करून पाहावा. एखाद्या गावी यादीत 1,000 महिला आहेत, 600 मतदानास आल्या, 490 जणींनी बाटली आडवी केली आणि 110 जणींनी उभी ठेवली. हा कौल इतका स्पष्ट असूनही दुकान चालूच राहील. कारण 501 हव्या होत्या. घरी राहिलेल्या 400 जणी उभ्या बाटलीच्या खाती जमा! आमदार-खासदारांना ही अट लावली, तर सभागृहांतील किती बाके भरतील?

आणि या घरी राहिलेल्या 400 जणी असतात तरी कोण? या दोन तालुक्यांना तरी ते सांगावयास नको. मुंबईच्या डबेवाल्यांत येथील माणसे कित्येक पिढ्या आहेत. घर परळ-घाटकोपरला आणि नाव मात्र गावच्या यादीत, असा संसार येथे घरटी आढळतो. लेक सासरी गेली तरी तिचे नाव माहेरच्या यादीतून लवकर हलत नाही; मृतांची नावेही वर्षानुवर्षे रेंगाळतात. मतदानाच्या दिवशी मजुरी बुडवून येणे परवडत नाही अशा बाया निराळ्याच. यांतील एकीनेही दुकानाच्या बाजूने मत दिलेले नसते. तरी ते मोजले जाते.

याहून गंभीर गोष्ट गुप्ततेची आहे. गैरहजेरी हेच दुकानाच्या बाजूचे मत ठरत असल्यामुळे दुकानाच्या कैवाऱ्यांना प्रचाराचीही गरज उरत नाही. बायका घराबाहेर पडणार नाहीत एवढे पाहिले की काम भागते. मग जी बाई केंद्राकडे चालू लागते, ती कोणत्या चित्रावर शिक्का मारणार हे तिच्या नवऱ्याला, दिराला, सावकाराला आधीच कळलेले असते. इटलीतही सार्वमताला निम्म्या मतदारांच्या उपस्थितीची अट आहे. जून 2025 मध्ये तेथील पाच प्रश्न जेमतेम तीस टक्के मतदानामुळे निष्फळ ठरले, आणि घरी बसा असे सांगणारे पुढारी तेथेही होते. पण रोमच्या मतदाराला गर्दीत दडता येते. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात कोण कोठे दडणार?

मूठभरांनी साऱ्या गावावर आपली नीती लादू नये, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. दुकान बंद झाले की चोरटी दारू वाढते हेही अनेक ठिकाणी खरे ठरले आहे. प्रस्तुत लेखकाला दारूबंदीचा सरसकट कैवार घ्यावयाचा नाही. परंतु मूठभरांचा बंदोबस्त 25 टक्के सह्यांच्या अटीने आधीच झालेला आहे, आणि दुकान हवे असणाऱ्यांना उभी बाटली मतपत्रिकेवर दिलेलीच आहे. त्यांनी यावे आणि तिच्यावर शिक्का मारावा.

येथे गोव्याचे स्मरण होते. 16 जानेवारी 1967 रोजी तेथे जनमत कौल झाला तोही चित्रांवरच : विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. यादीत एकूण मतदार होते 3,88,432. म्हणजे जिंकणाऱ्या बाजूलाही यादीतील निम्म्या मतदारांचा पाठिंबा नव्हता; तो भरतो सुमारे 44 टक्के. महाराष्ट्रात त्या निकालाने पुष्कळांची मने दुखावली, तरी गोव्याचे भवितव्य त्याच कौलाने ठरले आणि महाराष्ट्रानेही ते मान्य केले. एका प्रदेशाच्या भवितव्याला जे माप पुरले, ते गावातील एका परवान्याला का पुरू नये?

दुरुस्ती अवघड नाही. मूळ दारूबंदी कायदा 1949 चा आहे, त्याला हात लावण्याचेही कारण नाही. अट शासनाच्या आदेशातील आहे आणि शासनच ती बदलू शकते. एकूण मतदारांच्या जागी झालेले वैध मतदान, एवढा फेर पुरे. सह्यांची अट आहे तशी राहू द्यावी, आणि मतदानाआधी गावची यादी चावडीवर वाचून मृतांची व स्थलांतरितांची नावे वगळण्याची कार्यवाही व्हावी.