खडकाला चढलेला ताप

नवेगाव बांधला बहुतेक जण पक्षी पाहायला जातात. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्याचं सांगितलं जातं, त्या या तलावात दर पावसाळ्यात डोंगरावरचा गाळ येऊन बसतो. इथून भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे गेलं की भेटणारे बरेचसे खडकही मूळचे गाळाचेच, पण शंभर कोटी वर्षांहून जुने. मधल्या काळात ते किती तापले आणि कधी निवले, याचा छडा लावता येतो.

जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं. खोल गाडला जाऊन तापलेला खडक ताप मोजायच्या पाऱ्याच्या थर्मामीटरसारखा चढलेला आकडा धरून ठेवतो. गाळ तापला की त्यातलं पाणी निघून जातं आणि नवी खनिजं तयार होतात. पुढे खडक वर येऊन निवला, तरी गेलेलं पाणी सहसा परतत नाही आणि थंडीत अणूही जागचे हलत नाहीत.

साकोली पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी हिरवट क्लोराइट आणि बारीक अभ्रक दिसतं. ही खूण ३०० ते ४०० अंशांची. भंडारा जिल्ह्यात पोहरा परिसरासारख्या जागी मात्र कायनाइट-सिलिमनाइट सापडतं. ही दोन्ही आणि अँडालुसाइट यांचं रासायनिक सूत्र एकच. यांपैकी कोणतं घडणार ते दाब आणि तापमान ठरवतात. तिघांचं एकत्र जमतं ते फक्त ५०० अंशांच्या आसपास, सुमारे १५ किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली.

निवण्याच्या तारखा वेगळ्या घड्याळांतून मिळतात. पोटॅशियमपासून बनणारा आर्गॉन वायू काळ्या अभ्रकात सुमारे ३०० अंशांखालीच अडकून राहतो. अ‍ॅपेटाइटच्या कणांत युरेनियमचे अणू फुटून पडलेले सूक्ष्म चरे ११० अंशांच्या वर बुजून जातात. म्हणून साठलेला वायू आणि उरलेले चरे मोजले की खडक त्या तापमानाखाली कधी आला ते कळतं.

जमिनीखाली तेल तयार होतं ते साधारण ६० ते १२० अंशांत. साकोलीचे खडक ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेले, म्हणून तिथे तेल शोधायला कोणी जात नाही. चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला गाळ त्या मानाने कमी तापला, म्हणून तिथला दगडी कोळसा टिकून राहिला. भंडाऱ्याच्या वाट्याला आली ती भट्टीच्या अग्निरोधक विटांसाठी लागणारी कायनाइट-सिलिमनाइट ही खनिजं.