न उमलणारं निळं फूल

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिनेसोटा या राज्यांतली गवताळ कुरणं तांबूस पडू लागतात. बहुतेक फुलांचा हंगाम संपत आलेला असतो. नेमक्या याच दिवसांत, पाणी धरून ठेवणाऱ्या सखल जागी, गवताच्या आडोशाला गडद निळ्या टपोऱ्या कळ्यांचे झुबके दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, चार दिवसांनी उमलतील. चार दिवसांनी येऊन पाहावं तर त्या तशाच. कारण त्या कळ्या नाहीतच. ती पूर्ण वाढलेली फुलं आहेत आणि ती अशीच मिटलेली राहतात. हे ‘बॉटल जेन्शियन’, शास्त्रीय नाव जेन्शियाना अँड्र्यूसी. तापावर आपल्याकडे ज्याचा कडू काढा देत आले, ते काडेचिराईत याच कुळातलं.

मिटलेल्या फुलात परागीभवन होतं कसं? फूल जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब. पाच पाकळ्यांना जोडणारे पातळ पडदे टोकाशी झालरीसारखे कातरलेले असतात आणि पाकळ्यांच्या किंचित वर डोकावतात. या टोकावर बम्बलबी येऊन बसते. आपला लाकूड पोखरणारा काळा भुंगा वेगळा. ही केसाळ, गुबगुबीत, थंड हवेतली माशी. ती टोकात डोकं खुपसते, पुढच्या पायांनी पाकळ्या फाकवते आणि अंग रेटत आत शिरते. बाहेर फक्त पोटाचा शेवट आणि मागचे पाय दिसतात, सगळं फूल हलत राहतं. थोड्या वेळाने ती परागाने माखून उलटी बाहेर येते. साध्या मधमाशीत एवढा जोर नसतो. काही माश्या बाजूने भोक पाडून मध चोरतात, पण खरं काम धसमुसळेपणाने आत घुसणारीच करते. फुलात आधी पराग तयार होतो आणि स्त्रीकेसराचं टोक नंतर उघडतं, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्याला मिळण्याची शक्यता वाढते. पावसाचं पाणी आत शिरत नसल्याने पराग कोरडा आणि मध दाट राहतो.

बम्बलबीलाही या फुलाची गरज असते. तिची वसाहत वर्षभरच टिकते. थंडी पडली की जुनी राणी आणि कामकरी माश्या मरतात, फक्त नव्या राण्या जमिनीत हिवाळा काढतात. त्यांना अंगात चरबी साठवायची असते ती याच शरदात, फुलं विरळ झालेली असताना.

आता लागवड. बी धुळीसारखं बारीक, कडेला कागदी पापुद्रा असलेलं. ते मातीत पुरलं की गेलं, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. ओलसर मातीवर बी नुसतं भुरभुरायचं आणि हाताने हलकं दाबायचं. त्याआधी त्याला सुमारे दोन महिने ओली थंडी मिळायला हवी. ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण माझं मत विचाराल तर शरदात कुंडीत पेरून ती सरळ बाहेर, बर्फापावसात ठेवावी. निसर्गात हे असंच घडतं. पाणी वरून घालू नये, बी वाहून जातं. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली की माती खालून ओल शोषून घेते.

रोपं उगवतात ती इतकी इवली की तण समजून उपटली जातात. पहिलं वर्षभर चार-सहा पानांपलीकडे प्रगती दिसत नाही. सगळी कमाई मुळं करत असतात. फुलाला दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. जागा उन्हाची किंवा विरळ सावलीची, माती कुजलेल्या पाल्याची, न सुकणारी. एकदा जमलेलं झाड हलवू नये. फुलांच्या भाराने दांडे लवंडतात, म्हणून त्याला मोकळ्या वाफ्यात एकटं न लावता बुटक्या गवतांच्या सोबतीने लावावं. टेकूही मिळतो आणि मुळांशी गारवाही राहतो.

हे कष्ट घ्यायचे कशासाठी, ते जमिनीच्या इतिहासात आहे. 1837 मध्ये जॉन डिअर या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला आणि कुरणांची चिवट मुळांनी भरलेली जमीन फाडणं सोपं झालं. पुढे पाणथळ कुरणांखाली मातीच्या नळ्या घालून पाणी काढून टाकलं आणि तिथे मका उभा राहिला. बॉटल जेन्शियन ज्या ओलीवर जगतं, तीच गेली. इलिनॉयच्या मूळ कुरणांपैकी चांगल्या अवस्थेत उरलेला भाग एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, 1930च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर पुन्हा कुरण वसवायला सुरुवात झाली. आज ते ‘कर्टिस प्रेअरी’ म्हणून ओळखलं जातं. मोडलेलं कुरण पुन्हा उभं करता येतं, हे तिथल्या माणसांनी हातांनी दाखवून दिलं.

पुण्या-नाशकात हे झाड लावण्याचा हट्ट धरू नये, हिवाळ्याची ती थंडी आपल्याकडे नाही. पण शिकागो, मिनिआपोलिसच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात ओलसर कोपरा असेल तर जरूर लावावं. बी किंवा रोप स्थानिक रानफुलांच्या रोपवाटिकेतूनच घ्यावं, कुरणातून उपटून आणू नये. परसातलं झाड फुलायला लागलं की ऑक्टोबरात वाळलेल्या फुलाच्या आतलं बोंड तपकिरी होऊन टोकाशी फाटतं. तेव्हा अर्धं बी पाकिटात झाडून घ्यावं आणि उरलेलं झाडावरच राहू द्यावं.