चंद्रावरचा ससा काळ्या पाषाणाचा

कोजागरीला गच्चीवर दूध आटत असतं आणि घरातलं एखादं पोर हमखास विचारतं, "आजी, चांदोबावर ससा कसा गेला गं?" आजीकडे गोष्ट तयार असते. बौद्ध जातककथांतही ती आहे. दारी आलेल्या याचकाला द्यायला काहीच नाही, म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो. याचकाच्या वेशातला शक्र, म्हणजे इंद्र, ती आग थंड करतो आणि डोंगर पिळून, त्याच्या रसाने चंद्रावर सशाचं चित्र काढतो. त्या डागावरूनच चंद्र शशी झाला, शशांक झाला. त्याच डागात कुणाला हरीण दिसलं, म्हणून मृगांकही झाला. चीनला ससाच दिसला. 2013 साली चंद्रावर उतरवलेल्या गाडीचं 'युतू' हे नाव त्या सशाचंच.

ससा खोटा, हे शाळेत गेल्यावर कळतं. पंचाईत अशी, की त्याच्या जागी जे उत्तर मिळतं तेही बऱ्याचदा चुकीचं असतं.

'डाग म्हणजे खड्डे', हे सगळ्यात लाडकं उत्तर. खरं तर खड्ड्यांची दाटी चंद्राच्या उजळ भागात जास्त आहे. काळे भाग त्या मानाने सपाट आहेत. प्रचंड आघातांनी आधी अवाढव्य खोलगट भाग तयार झाले, मग आतून वर आलेला लाव्हा त्यांत पसरला आणि थिजला. हे बहुतेक साधारण 300 ते 400 कोटी वर्षांपूर्वी घडलं. थिजलेल्या त्या दगडाला आपल्याकडे नाव आहे: बसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण.

छत्रपती संभाजीनगरकराला हा दगड दाखवायला संग्रहालयात न्यायला नको. वेरूळचं कैलास लेणं ज्यात वरून खाली कोरत आणलं तो हाच, देवगिरीचा उभा कडा याचाच, रस्त्यावरची खडी याची आणि आजीचा पाटा-वरवंटाही बहुधा याचाच. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 चे अंतराळवीर सशाच्या डोक्यावर उतरले आणि त्यांनी जे दगड आणले त्यांतही बसाल्ट निघाला. डोंगर पिळून काढलेला रस! जातककाराला लाव्हा ठाऊक असण्याचं कारण नाही, पण उपमा चपखल बसली खरी.

मात्र दोन्ही दगड सख्खे भाऊ नव्हेत. आपला दख्खनचा बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे चंद्राच्या हिशोबात कालचं पोर. अजिंठा-वेरूळला फेरीवाले पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचे दगड पुढे करतात ना, ते बसाल्टच्या पोकळ्यांत पाणी मुरून तयार झालेले असतात. चंद्रावरच्या बसाल्टमध्ये असे स्फटिक नाहीत, कारण मुरायला पाणीच नव्हतं.

तरी तिथे 'समुद्र' आहेत! 1651 मध्ये इटलीच्या रिच्चोली या धर्मगुरूने काळ्या भागांना सागरांची नावं दिली आणि ती चिकटली. अंतराळवीर उतरले तो 'शांततेचा सागर' कोरडा ठणठणीत आहे.

डाग म्हणजे पृथ्वीची सावली, असंही ऐकू येतं. ती सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. ससा रोज तोच दिसतो, कारण चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. मागची बाजू अंधारी नाही, तिथेही दिवस उजाडतो. 1959 मध्ये सोव्हिएत 'लुना 3' यानाने तिचे पहिले फोटो काढले तेव्हा दिसलं, की तिथे काळे भाग अगदी थोडे आहेत. तिकडे राहून कुणी गोष्ट रचली असती, तर त्यात ससा आला नसता.

आणि चतुर्थी. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला आणि बीड जिल्ह्यातल्या गंगामसल्याला भालचंद्राची आराधना करून त्याने उःशाप मिळवला, ही आपल्या मराठवाड्याची कथा. तिचा मान ठेवूनही सांगायला हवं, की गणेश चतुर्थीचा चंद्र पाहिल्याने चोरीचा आळ येतो याला कसलाही आधार नाही. त्या संध्याकाळी दिसते ती नेहमीचीच कोर, आणि सशाचा फार तर एक कान उजेडात आलेला असतो.

ससा पुरता पाहायचा तर पौर्णिमेला दोनदा गच्चीवर जा. संध्याकाळी पूर्वेला चंद्र उगवताना सशाचे कान वर असतात. पहाटे तो पश्चिमेला टेकतो तेव्हा ससा डोकं खाली करून उलटा लटकलेला दिसतो.