लेकीची पाठ एकदा बघा

आमच्या धरमपेठेत ब्लाउज-कुर्ते शिवणाऱ्या एक ताई आहेत. आठवीतल्या एका मुलीचं माप घेताना त्या तिच्या आईला म्हणाल्या, ‘‘बाई, हिचा एक खांदा वर आहे. डॉक्टरला दाखवून घ्या.’’ आईला वाटलं, दप्तराचं ओझं, दुसरं काय! एक्स-रे काढल्यावर कळलं, पोरीचा कणा बाजूला वळलाय. स्कोलिओसिस म्हणतात याला.

मागून पाहिलं तर कणा सरळ रेषेत दिसायला हवा. तो डावी-उजवीकडे वळला आणि एक्स-रेवर हा कोन १० अंश किंवा जास्त भरला, की स्कोलिओसिस. मणके नुसते वळत नाहीत, पीळही घेतात. म्हणून एका बाजूच्या बरगड्या पाठीवर उंच दिसतात. वयात येणाऱ्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांत असा बाक सापडतो. बहुतेकांचा किरकोळच असतो. पण बाक वाढत जाऊन उपचारांची वेळ येते ती मुलग्यांपेक्षा मुलींवर कितीतरी जास्त.

कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. काही घरांत आनुवंशिकता दिसते. जड दप्तरानं किंवा पोक काढून बसल्यानं हा आजार होत नाही. तेव्हा ‘नीट बस म्हणून किती सांगितलं’ हे पालुपद बंद करा. पोरीचा यात दोष नाही, आईचाही नाही.

घरी बघणं सोपं आहे. मुलीला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एक बाजू उंच दिसली तर दवाखाना गाठा. पाळी यायच्या आधीच्या वर्षभरात मुली झपाट्यानं उंच होतात आणि बाकही तेव्हाच वाढतो, म्हणून दहाव्या अन् बाराव्या वर्षी बघायचंच. गंमत अशी, की नेमक्या याच वयात मुली आईसमोरही कपडे बदलायला लाजतात. बरं, सहसा दुखतही नाही, मग सांगणार कोण?

बाक २५ अंशांच्या आत असेल तर डॉक्टर दर काही महिन्यांनी तपासतात. २५ ते ४० अंश असून वाढ बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे अंगाच्या मापाचा कडक पट्टा. तो कणा सरळ करत नाही, बाक वाढू देत नाही. अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या शंभरातल्या ७२ मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, न वापरणाऱ्यांत ४८ जणांचा. जितके तास जास्त, तितका फायदा. नागपूरच्या मे महिन्यात तो घालणं सोपं नाही, हे मी डोळ्यांनी बघते आहे. आत पातळ सुती बनियन घाला. ४५-५० अंशांपुढे मात्र शस्त्रक्रियेचा विचार करतात. मालिशवाल्यांकडे कणा सरळ होत नाही, तिथं फक्त वेळ जातो.

वेळ जातो तो लपवण्यातही. ‘लग्नाचं कसं होईल?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारी प्रत्येक आई विचारते. अहो, स्कोलिओसिस असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण व्यवस्थित होतं. फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

नागपुरात ‘मेडिकल’चा अस्थिरोग विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे. जाताना जुने एक्स-रे न्यायला विसरू नका. बाक वाढला की थांबला, हे जुनी-नवी फिल्म शेजारी ठेवूनच कळतं.