त्यांना काय कळणार?
जुबिली लाइनवरचा एक उन्हाळा

मे महिन्यात आजी, म्हणजे माझी आई, सांगलीहून आमच्याकडे स्टॅनमोरला आली. सोबत दोन बॅगा. एकीत भडंग, मेतकूट आणि हळद, दुसरीत साड्या आणि गुडघ्याचे दोन पट्टे. पहिले चार दिवस तिने खिडकीतून मागचं गवत पाहिलं, शेजाऱ्यांचं मांजर पाहिलं, आणि पाचव्या दिवशी चहा घेताना विचारलं, "इथे नाटकबिटक नसतं का गं?"

प्रश्न साहजिक होता. भावे नाट्यमंदिरात नाटकं बघत तिचं आयुष्य गेलं आहे. महिन्यात एकही नाटक झालं नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

"असतं की," मी म्हटलं, "पण इंग्रजी असतं."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनात मात्र एक वाक्य होतं : तिला काय कळणार?

त्याच आठवड्यात भारतातून येणाऱ्या एका मराठी नाटकाची जाहिरात फोनवर आली. तिकिटं काढताना मी लेकीला म्हणाले, "तू घरी थांबलीस तरी चालेल. तुला सगळं कळणार नाही." लेक पंधरा वर्षांची. "ओके," म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की एकाच आठवड्यात एकच वाक्य मी दोघींना लावलं होतं. एकीला मोठ्याने, दुसरीला मनात. आपण मधली पिढी. दोन्ही भाषा येणारी, म्हणून दोन्हीकडचे दरवाजे आपल्या ताब्यात. आणि आपण काय करतो, तर दोन्हीकडच्या माणसांना दारातच थांबवतो. मग ठरवलं, की या उन्हाळ्यात दोघींना सगळीकडे न्यायचं. कळलं तर कळलं.

१९३२ सालची तीन दारं

आमचं सगळं फिरणं जुबिली लाइनवर झालं, कारण आजीला गाड्या बदलणं नको होतं. स्टॅनमोर स्टेशनच्या पायऱ्या एकदा उतरल्या की गाडीत जागा हमखास, कारण गाडी इथूनच सुटते.

हे स्टेशन १० डिसेंबर १९३२ रोजी सुरू झालं. तेव्हा इथून मेट्रोपॉलिटनची गाडी सुटायची, जुबिली हे नाव १९७९ साली आलं. १९३२ हे साल माझ्या डोक्यात बसलं, ते आणखी दोन गोष्टींमुळे. त्याच वर्षी लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. आज त्याची वास्तू आपल्याच लाइनवर डॉलिस हिलला आहे. आणि त्याच वर्षी रीजंट्स पार्कमधलं ओपन एअर थिएटर सुरू झालं, बेकर स्ट्रीटला उतरून चालत जाण्याजोगं. डॉलिस हिलचं दार आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. बेकर स्ट्रीटला उतरून त्या दुसऱ्या दाराकडे किती जण गेलो आहोत? मी इथे एकोणीस वर्षं राहते आणि यंदा पहिल्यांदा गेले.

एक स्टेशन पुढे : कॅनन्स पार्क

पहिला रविवार अगदी जवळचा. कॅनन्स पार्कला उतरून व्हिटचर्च लेनवरच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गेलो. बाहेरून साधं दिसतं. आत भिंती आणि छत चित्रांनी भरलेलं आहे, त्यामुळे चर्चमध्ये आलो की जुन्या नाट्यगृहात, असा प्रश्न पडतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या परिसरात जेम्स ब्रिजेस या श्रीमंत सरदाराचा कॅनन्स नावाचा वाडा होता. हा पुढे ड्यूक ऑफ शँडॉस झाला. त्याच्या पदरी वादक होते, गायक होते, आणि १७१७-१८ च्या सुमारास चक्क हँडेल होता. वाड्यातलं प्रार्थनामंदिर तेव्हा बांधून व्हायचं होतं, म्हणून हँडेलची भक्तिगीतं या चर्चमध्ये गायली गेली. आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे संस्थानिकाच्या पदरी गवई," ती म्हणाली. सांगली-मिरजेच्या बाईला आश्रयदाते आणि कलावंत ही जोडी नवी नाही.

१७१८ च्या उन्हाळ्यात या वाड्यावर हँडेलची 'एसिस अँड गॅलाटिया' ही संगीतिका पहिल्यांदा झाली. बागेकडच्या गच्चीवर, उघड्यावर झाली, असं इथली परंपरा सांगते. म्हणजे आपल्या गल्लीतली उन्हाळी मैफल तीनशे वर्षांहून जुनी आहे.

पण मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. त्या संगीतिकेचे बरेचसे शब्द जॉन गे नावाच्या कवीचे. याच जॉन गेने दहा वर्षांनी, १७२८ मध्ये, लंडनच्या चोर-दरोडेखोरांवर 'द बेगर्स ऑपेरा' लिहिला आणि शहर डोक्यावर घेतलं. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनला बर्टोल्ट ब्रेख्टने त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी त्याचा मराठी अवतार लिहिला 'तीन पैशाचा तमाशा'. दिग्दर्शक जब्बार पटेल, संस्था पुण्याची थिएटर अॅकॅडमी.

"ते मी पाहिलंय!" आजी चर्चमध्ये जरा मोठ्यानेच म्हणाली. "पुण्याला, ताईकडे राहून."

लेकीने एकदा आजीकडे, एकदा त्या चित्रांकडे पाहिलं. "म्हणजे आजी, कॅनन्स पार्कच्या माणसाचं नाटक तू माझ्या आधी बघितलंयस? पुण्यात?"

"हो तर. आणि गाणी कसली होती!"

त्या दिवसापासून 'तिला काय कळणार' हे वाक्य मी मनातही म्हटलं नाही.

चर्चच्या आवारातला विनोदी लेखक

स्टॅनमोरच्या सेंट जॉन्स चर्चवरून आपण रोज गाडीने जातो. आवारात दोन चर्च आहेत, एक १६३२ सालचं विटांचं, आता छप्पर नसलेलं, आणि शेजारी एकोणिसाव्या शतकातलं. याच आवारात डब्ल्यू. एस. गिल्बर्टच्या अस्थी आहेत. गिल्बर्ट अँड सलिव्हन या जोडीतला शब्दांचा धनी तो. शेवटची वीस वर्षं तो इथून जवळच, हॅरो वील्डच्या ग्रिम्स डाइक या घरात राहिला. २९ मे १९११ रोजी घरच्या तळ्यात पोहायला शिकणाऱ्या एका मुलीचा पाय सुटला, तिला वाचवायला चौऱ्याहत्तर वर्षांचा गिल्बर्ट पाण्यात उतरला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. मुलगी वाचली.

जूनमध्ये जवळच्या एका हौशी मंडळीने त्याचा 'मिकाडो' केला. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, मध्यंतरात चहा-केक, रंगमंचावर निवृत्त बँकवाले आणि शिक्षिका. म्हणजे आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकासारखंच. गोष्ट नावाला जपानची. एक शिंपी अचानक फाशी देणारा सर्वोच्च अधिकारी होतो आणि सगळी कारभारी मंडळी हास्यास्पद ठरतात. टोमणे मात्र १८८५ च्या इंग्लंडला. मी कानात सांगायला लागले, तर आजीने मला गप्प केलं. "कळलं. राजा लांबचा दाखवायचा आणि चिमटा इथल्या सरकारला काढायचा. आमच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दुसरं काय होतं?" त्यातल्या एका गाण्यात नकोशा माणसांची यादी असते आणि दर प्रयोगात ती ताज्या बातम्यांप्रमाणे बदलतात. हॉलमध्ये हशा पिकला. लेकीने तिला सांगितलं, की आताचे टोमणे खासदारांना होते. आजी म्हणाली, "ही बतावणी झाली." वगातले सोंगाडे रोज रात्री हेच करतात.

ग्लोबचं पिट

जुलैत लंडन ब्रिजला उतरून शेक्सपिअरच्या ग्लोबला गेलो. नाटक 'ट्वेल्थ नाइट'. ग्लोबच्या मधल्या मोकळ्या अंगणात उभं राहून बघायची तिकिटं पाच पौंडांपासून मिळतात. आजीसाठी आम्ही बाकावरची जागा घेतली, उशी भाड्याने घेतली. लेक खाली उभी राहिली. आजीने वरून पाहिलं आणि म्हणाली, "हे आपलं पिट. सगळ्यात जास्त मजा तिथेच."

गाडीत लेकीने तिला कथा सांगितली होती, तिच्या मराठीत : "एक मुलगी असते. बोट बुडते. तिला वाटतं भाऊ मेला. मग ती मुलगा बनते आणि ड्यूककडे काम करते आणि त्याच्याशी लव्ह होतं." स्टॅनमोर ते बेकर स्ट्रीट एवढ्या वेळात संपूर्ण शेक्सपिअर. आजीचा एकच प्रश्न : "बाई पुरुष होते? आमच्याकडे बालगंधर्व बाई व्हायचे." त्यावर लेक म्हणाली, शेक्सपिअरच्या काळी बायकांची कामंही मुलगेच करायचे, म्हणजे मुलगा बाई व्हायचा आणि ती बाई पुन्हा मुलगा. यावर दोघी वॉटर्लूपर्यंत हसत होत्या.

याच ग्लोबमध्ये २०१२ साली ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात सदतीस नाटकं सदतीस भाषांत झाली. हेच 'ट्वेल्थ नाइट' मुंबईच्या कंपनीने हिंदीत केलं. मुंबईचंच गुजराती नाटक होतं, ढाक्याचं बंगाली होतं, पाकिस्तानचं उर्दू होतं. सदतिसांत मराठी नव्हती. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं, शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' केला, त्या मराठीला तिथे जागा नव्हती. राग कोणावर काढायचा नाही. पण पुढच्या वेळी त्या अंगणात मराठी कोण नेणार, हा प्रश्न मला पडला. ते काम सांगलीहून होईल, तसंच हॅरोत वाढलेल्या, दोन्ही भाषांत हसणाऱ्या पोरांकडूनही होईल.

एक ठोका उशिरा

हसण्यावरून ते मराठी नाटक आठवलं. तिकिटं तिघींची काढली. नाटक पाऊण तास उशिरा सुरू झालं, माईक दोनदा बंद पडला, समोशांची रांग नाटकाहून लांब. ते जाऊ दे.

पहिल्या अंकात लेक एक ठोका उशिरा हसत होती. सगळा हॉल हसला की आजीकडे बघायची, आजी कानात काही सांगायची, मग ही हसायची. मला ते ओळखीचं वाटलं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं ऑफिसात मी अशीच हसायचे. भाषा येणं आणि विनोद वेळेवर कळणं यात मोठं अंतर आहे, आणि ते पुस्तकाने मिटत नाही, शेजारी बसलेल्या माणसाने मिटतं.

मध्यंतरात तिने विचारलं, "डोक्यावर मिरे वाटणं म्हणजे काय?" आजीने हॉलच्या पॅसेजमध्ये, समोशांच्या रांगेत, तिच्या डोक्यावर दोन्ही हातांनी मिरे वाटून दाखवले. दुसऱ्या अंकात परदेशातल्या मुलाशी फोनवर ओरडून बोलणारे आई-बाबा आले, "आवाज येतोय का? दिसतोय का?" आणि त्या वेळी सगळ्यांच्या आधी हसली ती माझी लेक. ते तर तिच्याच घरातलं होतं.

आता तिचा धाकटा भाऊ डोक्यावर मिरे वाटतो, अशी तक्रार आमच्याकडे रोज मराठीत येते.

पुढच्या उन्हाळ्यासाठी

ग्लोब आणि रीजंट्स पार्क दोन्हीकडे पावसात छत्री उघडता येत नाही, तेव्हा रेनकोट न्या. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, जिथे १९७४ साली लता मंगेशकर गायल्या, दर उन्हाळ्यात प्रॉम्स असतात आणि उभ्याची तिकिटं दहा पौंडांच्या आत मिळतात. हॅच एंडच्या हॅरो आर्ट्स सेंटरचा कार्यक्रम बघत राहा. वेस्ट केन्सिंग्टनच्या भवनला शास्त्रीय गाणं-नाच असतो. वडीलधाऱ्यांना नाटकाची गोष्ट आधी सांगा, आणि ती नातवंडांना सांगू द्या. मराठी नाटकाला मुलांना आजी-आजोबांच्या शेजारी बसवा, आपण एक खुर्ची सोडून बसा.

आजी ऑगस्टमध्ये परत गेली. विमानतळावर तिने लेकीला देवलांचं 'संशयकल्लोळ' दिलं. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ते नाटक त्यांनी आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग'वरून रचलं, आणि ते १७६१ मध्ये पहिल्यांदा झालं होतं आपल्या लंडनच्या ड्रुरी लेनला. लेकीने मूळ इंग्रजी नाटक शोधून काढलं. आता दर रविवारी फोनवर वाचन चालतं. आजी तिकडून देवल वाचते, ही इकडून मर्फी. कोण कोणाला समजावतंय ते मला कळत नाही, आणि मी विचारतही नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. इथे त्या रात्री गाय फॉक्सचे फटाके उडतात. यंदा त्या रात्री आजीचा फोन येईल आणि ती नेहमीसारखं विचारेल, "दिवाळी झाली ना? मग हा कसला आवाज?" लेकीने उत्तर आत्तापासून ठरवून ठेवलं आहे : "आजी, सांगलीच्या नाटकाचा."